बिनतारी पेटीची रोजनिशी

आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात, दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, छताजवळ एक पांढरी पेटी बसवलेली आहे. आकाराने ती जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी. हिलाच ॲक्सेस पॉइंट म्हणतात. मुलांचे मोबाइल आणि लॅपटॉप रेडिओ लहरींच्या द्वारे या पेटीशी बोलतात आणि पेटी ते बोलणे एका तारेवरून खाली कार्यालयात पोचवते. तेथून पुढे ते इंटरनेटवर जाते. म्हणजे नावाला बिनतारी असली तरी पेटीच्या पाठीमागे तार असतेच. शिवाय पेटीला लागणारी वीजही त्याच तारेतून वर जाते. ही तार ध्यानात ठेवा, तिचे काम पुढे पडणार आहे.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत या पेटीने छळ मांडला. रात्री नऊ-साडेनऊ वाजले की अर्ज भरता भरता संपर्क तुटे. तीन-चार मिनिटांनी परत येई आणि पुन्हा तुटे. दिवसा मात्र सगळे सुरळीत चाले. दुरुस्ती करणारा येई तो दिवसा, आणि पेटी तपासून "दोष आढळला नाही" असे लिहून जाई. मग अशा वेळी नेहमी होते तेच झाले. संशय मुलांवर आला. कोणी खुर्चीवर चढून बटण दाबत असेल म्हणून पेटीभोवती लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप घातले. तरी फरक पडेना. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याकडे बोट दाखवले जाऊ लागले. हा मुलगा संगणकात हुशार. तो आपल्या लॅपटॉपवरून काहीतरी खोटे संदेश सोडतो आणि सगळ्यांचा संपर्क तोडतो, असे बोलले जाऊ लागले. त्याला वसतिगृहातून काढावे इथपर्यंत गोष्ट गेली.

एके दिवशी तो प्रयोगशाळेत आला आणि म्हणाला, "सर, मी काही केलेलं नाही. पण न केलेली गोष्ट सिद्ध कशी करू?"

मी म्हटले, "अरे, पेटीलाच विचारू या."

विद्यार्थी मित्रांनो, ही थट्टा नव्हती. प्रत्येक ॲक्सेस पॉइंट हा खरे म्हणजे एक छोटा संगणकच असतो आणि तो आपली रोजनिशी लिहीत असतो. अमुक वाजता अमुक मोबाइल आला, त्याने सांकेतिक शब्द बरोबर सांगितला, त्याला आत घेतले. अमुक मोबाइल बराच वेळ गप्प राहिला, त्याचे नाव काढून टाकले, अशा एकेका ओळीच्या या नोंदी असतात. अशा नोंदवहीला लॉग म्हणतात. हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरी बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकत. तो लाकडाचा तुकडा म्हणजे लॉग, आणि त्यावरून काढलेला वेग ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक.

मग अडचण कोठे आली? आम्ही पेटी बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर लगेच तिची रोजनिशी उघडली. पहिली ओळ होती पेटी सुरू झाल्याची. त्याच्या आधीचे काहीच नाही! मरणाच्या क्षणाची साक्ष हवी होती आणि साक्षीदार तर नुकताच जन्माला आलेला.

असे का होते ते पाहू. पेटीत दोन प्रकारची स्मृती असते. एक कायमची, तिला फ्लॅश म्हणतात. वीज गेली तरी ती टिकते. पण ती आकाराने लहान असते आणि तिच्या एकेका कप्प्यातले लिखाण किती वेळा पुसून पुन्हा लिहिता येईल याला मर्यादा असते. दर सेकंदाला नोंदी लिहीत बसलो तर ती काही काळाने झिजून निकामी होईल. म्हणून असल्या बहुतेक पेट्या रोजनिशी लिहितात ती दुसऱ्या, तात्पुरत्या स्मृतीत. या स्मृतीची रचना रहाटगाडग्यासारखी असते. गाडगी ठरावीकच, शेवटचे भरले की पहिले रिकामे करून त्यात नवी नोंद भरायची. जुन्या नोंदी अशा पुसल्या जातात, आणि वीज गेली की गाडग्यांसह सगळा रहाटच नाहीसा होतो.

या अडचणीचे एक प्रसिद्ध उदाहरण संगणकांच्या कितीतरी आधीचे आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले आणि १५ तारखेच्या पहाटे बुडाले. जहाजावर बिनतारी यंत्र होते. जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड हे दोघे ते चालवीत. धाडलेल्या आणि ऐकलेल्या संदेशांची नोंद त्यांच्या खोलीत होत असे, पण ते कागद जहाजाबरोबर समुद्राच्या तळाशी गेले. तरीही त्या रात्री कोणते संदेश केव्हा गेले हे आज आपल्याला बरेचसे ठाऊक आहे. कसे? न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील केप रेस येथील केंद्राने आणि आसपासच्या जहाजांनी ते संदेश ऐकले आणि आपापल्या वह्यांत लिहून ठेवले. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चौकश्या झाल्या त्या या परक्या वह्यांच्या आधाराने. बुडणाऱ्याची वही बुडाली, ऐकणाऱ्याची उरली.

आम्हाला हेच करायचे होते. पेटीने रोजनिशीची प्रत्येक ओळ लिहिताक्षणीच तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे धाडावी आणि त्या संगणकाने ती आपल्या चकतीवर उतरवून ठेवावी. ही सोय नवी नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी आपल्या टपाल-आज्ञावलीसाठी सिसलॉग नावाची पद्धत तयार केली. पुढे ती इतकी पसरली की २००१ मध्ये तिचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००९ मध्ये तिचे सुधारित नियम ठरले. आज बहुतेक जाळ्यांमधील यंत्रे ही भाषा बोलतात.

या भाषेत प्रत्येक ओळीच्या आरंभी कोनी कंसात एक आकडा असतो. उदाहरणार्थ, ३०. याला ८ ने भागा. भागाकार ३ येतो आणि बाकी ६ उरते. भागाकारावरून ओळ कोणत्या खात्याकडून आली ते कळते. ३ म्हणजे पडद्याआड सतत चालू असणाऱ्या सेवक-आज्ञावल्या. बाकीवरून तातडी कळते. ० म्हणजे आणीबाणी, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे साधी माहिती आणि ७ म्हणजे डीबग, म्हणजे दोष शोधताना लागणारा बारीकसारीक तपशील. आता २७ या आकड्याचा अर्थ तुम्हीच लावा. भागाकार आणि बाकी यांचा असा उपयोग पाहिला की चौथीतले गणित वाया गेले नाही असे वाटते!

एरवी या पेट्या ६ पर्यंतच्या नोंदी ठेवतात. एखादा मोबाइल आला तर दोन-तीन ओळी. डीबग पातळी चालू केली की त्याच मोबाइलच्या येण्यावर ओळींचा पाऊस पडतो. त्याने विचारले, आपण उत्तर दिले, त्याने किल्लीचा पहिला भाग पाठवला, आपण दुसरा पाठवला, असे सारे. ही पातळी कायम चालू ठेवण्यासारखी नसते. पेटीचा वेळ नोंदी लिहिण्यातच जातो आणि कामाची ओळ ढिगाऱ्यात हरवते. शिवाय कोणाचा मोबाइल रात्री किती वाजता जागा होता हे या नोंदींवरून कळते. अशी वही उघड्यावर ठेवू नये. आम्ही वसतिगृहाच्या फळ्यावर लिहून मुलांना आधी कल्पना दिली आणि तीन रात्री एवढीच मुदत ठरवली.

मांडणी अशी केली. प्रयोगशाळेतला एक जुना संगणक कार्यालयात नेला. त्यावर लिनक्स होते आणि नोंदी स्वीकारणारी आज्ञावली फुकट मिळते. तिला ५१४ क्रमांकाच्या दारावर ऐकत राहायला सांगितले. सिसलॉगसाठी हाच क्रमांक ठरलेला आहे. त्या संगणकाला जाळ्यातला पक्का पत्ता दिला. तो पत्ता रोज बदलला तर पेटी कोणाच्या दारात टपाल टाकणार? मग पेटीच्या मांडणीच्या पानावर जाऊन तो पत्ता, तो दारक्रमांक आणि डीबग ही पातळी भरली. डीबग फक्त बिनतारी संपर्क सांभाळणाऱ्या आज्ञावलीपुरते लावले, बाकीच्यांना साध्या माहितीवरच ठेवले. कार्यालयातला जोडयंत्र म्हणजे स्विच, ज्यात वरून आलेली तार खोचलेली असते, त्यालाही आपल्या नोंदी याच संगणकाकडे पाठवायला सांगितले. ही गोष्ट मला ऐन वेळी सुचली, आणि पुढे तीच उपयोगी पडली.

यात एक खाचखळगा आहे. नोंदी घेणारा संगणक त्याच पेटीशी बिनतारी जोडलेला असेल तर काय होईल? नोंद धाडणे ही पेटीच्या दृष्टीने आणखी एक घटना. तिची नोंद, ती धाडण्याची पुन्हा नोंद, असे चक्र सुरू होऊ शकते. ज्याची तपासणी करायची त्याच्याच खांद्यावर तपासनीस बसवू नये. आमचा संगणक तारेने जोडलेला होता.

नोंदी धाडण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. ती साध्या पोस्टकार्डासारखी असते. टाकले की विसरायचे. पोचले की नाही याची पावती नाही. पावती घेणारी दुसरी रीतही आहे, पण तीत पेटी पावतीची वाट पाहते आणि ओळी हातात साठत जातात. शेवटच्या घटका मोजणाऱ्याने पावतीसाठी थांबू नये, म्हणून आम्ही पोस्टकार्डाची रीत निवडली. तिच्यात एखादी ओळ गहाळ होऊ शकते हे मात्र मान्य केले पाहिजे.

पहिल्या रात्रीच्या नोंदी पाहतो तो काय, निम्म्या ओळींवर तारीख १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे साडेपाच! मुले हसू लागली. पण त्यात एक मुद्दा होता. पेटीत मनगटी घड्याळासारखी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की तिला काळाचे भान नसते आणि ती शून्यापासून मोजू लागते. युनिक्स जातीच्या संगणकांचे शून्य म्हणजे ग्रिनिचची १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र, आणि आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले होते. थोड्या वेळाने जाळ्यावरून खरी वेळ विचारून ती आपले घड्याळ लावते. पेटी, स्विच आणि संगणक ही तिन्ही घड्याळे एकाच ठिकाणाहून लावून घेणे फार आवश्यक असते. टायटॅनिकच्या वेळी हीच अडचण आली होती. जहाजाचे घड्याळ न्यूयॉर्कच्या किती पुढे होते याबद्दल अमेरिकेच्या चौकशीने १ तास ३३ मिनिटे धरली, तर ब्रिटनच्या चौकशीने १ तास ५० मिनिटे. एकाच संदेशाच्या दोन वेळा झाल्या. आम्ही कार्यालयातल्या संगणकालाच प्रत्येक ओळीवर ती पोचल्याची वेळ घालायला लावली आणि तंटा मिटवला.

आता साक्षीदार बोलू लागला, पण त्याची भाषा आम्हाला कळते का? प्रयोगशाळेत आपण उपकरण वापरण्यापूर्वी ते पारखून घेतो. तसे दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पेटीला मुद्दाम दोन प्रकारे बंद पाडले. आधी मांडणीच्या पानावरून पुन्हा सुरू होण्याची आज्ञा दिली. पेटीने रीतसर निरोप घेतला. आज्ञावल्या थांबवल्याच्या ओळी आल्या, बिनतारी संपर्क बंद केल्याची ओळ आली, मग शांतता. नंतर कार्यालयात जाऊन तिची वीजच तोडली. या वेळी निरोप नाही, काही नाही. ओळ आली, ओळ आली आणि एकदम शांतता. सेकंदभराने स्विचची ओळ, की अमुक खाचेतली तार मुकी झाली.

आणि कोणी खोटे संदेश सोडून मोबाइलांना हाकलले असते तर? तसे प्रकार जगात होतात. पण मग पेटी स्वतः जिवंत राहिली असती. तेच ते मोबाइल पुन्हा पुन्हा येऊन ओळख सांगत आहेत असे तिने लिहिले असते, आणि तारीख १९७० वर गेली नसती. मोबाइलवर बघणाऱ्याला संपर्क तुटला एवढेच दिसते. पेटी मेली की फक्त आपल्याला बाहेर काढले, हे त्याला कळत नाही. सगळा घोटाळा इथेच झाला होता.

तीन रात्रींत पेटी ११ वेळा गेली. अकराही वेळा निरोपाची ओळ नव्हती. स्मृती अपुरी पडल्याची तक्रार नव्हती. मोबाइलांची पळापळ नव्हती. दर वेळी नुसती शांतता आणि लगेच स्विचची ओळ. एकच वेळ असती तर मी म्हटले असते, निरोपाचे पोस्टकार्ड गहाळ झाले असेल. अकरा पोस्टकार्डे सारखीच गहाळ होत नाहीत. पेटीची वीज जात होती. जाळीला कुलूप होते, वीज पुरवणारा ठोकळा कार्यालयात बंद होता आणि कार्यालयातले दिवे एकदाही गेले नव्हते.

मुलाने आणखी एक गोष्ट काढली. प्रत्येक शांततेच्या आधी पेटीशी किती मोबाइल जोडलेले होते ते त्याने डीबगच्या ओळींवरून मोजले. दर वेळी तो आकडा पस्तिशीच्या वर होता. दिवसा तो कधी दहाच्या वर जात नसे. दुरुस्ती करणाऱ्याला दोष का सापडत नव्हता ते कळले!

आता मी माझ्या विषयात आलो. पेटीच्या माहितीपत्रकावर लिहिले होते: २४ व्होल्ट, जास्तीत जास्त १२ वॅट. आम्ही तारेची दोन्ही टोके सोडवली, वरच्या टोकाला वीज नेणाऱ्या व आणणाऱ्या तारा एकमेकींना जोडल्या आणि खालून रोध मोजला. ८५ मीटर तारेचा जाऊन-येऊन रोध भरला १२.५ ओहम.

समजा पेटीपाशी प्रत्यक्षात क्ष व्होल्ट पोचतात. मग तारेत २४ − क्ष व्होल्ट खर्ची पडले, आणि ओहमच्या नियमाने विद्युतप्रवाह झाला (२४ − क्ष) ÷ १२.५ अँपिअर. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले प्रवाह. पेटीला ६ वॅट हवे असतील तर

क्ष × (२४ − क्ष) = ६ × १२.५ = ७५

म्हणजे क्ष² − २४क्ष + ७५ = ०. दहावीच्या मुलांनी हे सोडवावे. विवेचक २७६ येतो आणि मोठे मूळ सुमारे २०.३. म्हणजे पेटीला २० व्होल्टपेक्षा जास्त मिळतात, पेटी खुशीत. रात्री पस्तीस-चाळीस मोबाइल एकदम बोलू लागले की प्रक्षेपक सतत चालतो आणि पेटी १२ वॅट मागू लागते. आता समीकरण होते

क्ष² − २४क्ष + १५० = ०

विवेचक ५७६ − ६०० = −२४. वास्तव मूळच नाही! वर्गात आपण "मुळे वास्तव नाहीत" असे लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळतो. इथे त्याचा अर्थ व्हरांड्यात टांगलेला होता. या तारेतून साडेअकरा वॅटपेक्षा जास्त शक्ती पलीकडे पोचूच शकत नाही. आणि पेटीतील मंडल असे असते की दाब उतरला तर तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी ते जास्त प्रवाह ओढते. त्यामुळे तारेत आणखी दाब खर्ची पडतो आणि पेटीपाशी तो आणखी उतरतो. काही क्षणांत सारे कोसळते. पेटी बंद पडली की मागणी संपते, दाब पुन्हा चढतो, पेटी नव्याने जन्म घेते. मोबाइल एकेक करून परततात आणि पुन्हा तेच.

पण ८५ मीटर चांगल्या तांब्याच्या तारेचा रोध सातएक ओहम यायला हवा होता. तारेचा एक तुकडा कापून मुलाने ब्लेडने खरवडला. वरची तांबूस साल गेली आणि आत पांढरे ॲल्युमिनियम दिसू लागले. ॲल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या सुमारे १.६ पट असते. त्यातून तारही बारीक होती. स्वस्तात घेतलेली ती तार तांब्याच्या भावाने विकली गेली होती की कोणी विचारलेच नव्हते, याचा शोध मी घेतला नाही.

नोंदींचे कागद वसतिगृहप्रमुखांपुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, मग मुलाला बोलावून घेऊन म्हणाले, "आमची चूक झाली." एवढेच म्हणाले, पण सगळ्यांसमोर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात अस्सल तांब्याची तार टाकली. तिचा रोध ७.२ ओहम भरला. १२ वॅटची मागणी असताना पेटीपाशी किती व्होल्ट राहतील ते वरच्याच रीतीने काढा. साडेएकोणीसच्या आसपास उत्तर आले पाहिजे. त्या रात्री ४१ मोबाइल जोडले गेले आणि पेटी सकाळपर्यंत अखंड बोलत राहिली. सकाळी आम्ही डीबग पातळी बंद केली आणि तीन रात्रींच्या तपशिलाच्या नोंदी पुसून टाकल्या. साध्या माहितीच्या ओळी मात्र कार्यालयातल्या जुन्या संगणकाकडे अजून येतात. खरवडलेल्या तारेचा तुकडा प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. रोधकतेचा प्रयोग आला की अकरावीची मुले तो मागून घेतात.